न दुखणारा पाय

साखर ह्यांना आहे, मला नाही. मी वरचेवर तपासून घेते, दर वेळी बरोबर येतं, आणि दर वेळी ह्यांचा चेहरा असा होतो की जणू मी काहीतरी लबाडी केली. पण घरात साखरेचं जे जे करायचं असतं ते माझ्याकडेच आहे. सकाळी बोटाला टोचून बघायचं, मग पोटाला सुई, मग थोड्या वेळानं खायला द्यायचं, खाण्याबरोबर गोळी, आणि हे सगळं उरकून मला अंगणवाडीत पोचायचं असतं. मी आमच्या गावातली अंगणवाडी सेविका. तिथली चिमुरडी मी सांगितलं की हात धुतात, ताटात पडेल ते खातात. घरातलं हे साठीकडे झुकलेलं एक पोर मात्र ऐकत नाही. रस्त्यात भेटणारे लोक विचारतात, मालकाची तब्येत कशी आहे. माझी कशी आहे असं कोणी विचारत नाही, म्हणून इथंच सांगून टाकते, मी दमले आहे.

आमचं गाव आष्टी तालुक्यात, आष्टीहून कड्याला जाताना मोठा रस्ता सोडून आत. आम्ही मेंढरंवाले. थोडी जिरायत जमीन आहे, बाजरी आणि तूर होते, पण घर चालतं ते मेंढरांवर. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं, लोकांच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्यांना आणि धान्य आम्हाला, असं आमच्यात पूर्वापार चालत आलंय. अलीकडे हे फार लांब जात नव्हते, आसपासच्या गावांतच फिरायचे. तरी दिवसभराचं चालणं काही चुकत नव्हतं. त्यामुळे आष्टीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा साखर आहे म्हणून सांगितलं, तेव्हा हे त्यांच्याशीच भांडायला उठले. म्हणाले, "साखर बसून खाणाराला होती सायब. मी कुठं बसलोय?"

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ह्यांचं अंग एकदम उतरलं होतं. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. पाणी इतकं प्यायचे की रानात नेलेली कळशी दुपारच्या आत संपायची. रात्रीतून चार वेळा लघवीला उठायचे. गावात कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं रानात काहीतरी बाधलं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्यांनी देवाचा अंगारा आणून लावला, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मला मात्र शंका आली होती, कारण आमच्या अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत नर्सबाईंनी हीच लक्षणं सांगितली होती. मी मागे लागून लागून ह्यांना आष्टीला नेलं. रक्त तपासलं तर साखर नको तेवढी वाढलेली.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला समजलं, ह्यांना नाही. घरी आल्यावर मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, असं समजा की मेंढरं वाड्याच्या तोंडाशी आली आहेत, पण फाटक उघडत नाही. बाहेर नुसती गर्दी आणि आत वाडा रिकामा. तसं तुमच्या रक्तात साखरेची गर्दी झालीय आणि अंग आत उपाशी आहे, म्हणून तुम्ही खाता तरी वाळताय. हे लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "मंग फाटक दुरुस्त करून घ्यायचं की." मी म्हटलं, ते दुरुस्त होत नाही. गोळी घेऊन, खाणं सांभाळून रोज ढकलून उघडायला लागतं, जन्मभर. ह्यांना ते काही पटलं नाही. आपल्याकडे दुखणं म्हणजे कसं, येतं आणि जातं. दवा घेतली, बरं वाटलं, दवा बंद. जन्मभराचं दुखणं ही गोष्टच लोकांच्या डोक्यात शिरत नाही, आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने माझ्याही शिरली नव्हती.

मग सुरू झालं आमचं रोजचं रामायण. साखर बंद म्हटलं तर हे गुळाचा चहा प्यायला लागले, गूळ म्हणजे काही साखर नव्हे म्हणून. भात कमी करा म्हटलं तर त्याच्या बदल्यात भाकऱ्या वाढल्या. भाकरी चालते असं डॉक्टर म्हणाले होते, किती चालते ते ह्यांनी ऐकलंच नव्हतं. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची तो शेतकरी मानानं चहा आणून देतो, तो परत पाठवला तर त्याचा अपमान. गोळी घेतली का विचारलं तर "घेतली की" म्हणायचे आणि सदऱ्याच्या खिशात आख्खी पट्टी जशीच्या तशी सापडायची. बरं वाटत असताना गोळी कशाला, असं त्यांचं म्हणणं. येणारा प्रत्येक पाहुणा कसला ना कसला पाला, बी, पूड घेऊन यायचा. कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांची पूड झाली, मेथ्या झाल्या, कडुलिंब झाला. हे सगळं ह्यांनी तोंड वाकडं न करता गिळलं. आष्टीच्या डॉक्टरांची बारीक पांढरी गोळी तेवढी घशात अडकायची. मी हात टेकले होते. अंगणवाडीतून घरी येताना वाटायचं, आज काही विचारूच नये, होईल ते होऊ द्यावं. पण घरात पाऊल टाकलं की तोंडातून तेच निघायचं, गोळी घेतली का?

अशी सात-आठ वर्षं गेली. आणि त्या वर्षांत केव्हातरी ह्यांच्या पायांना काटा लागायचा बंद झाला.

हे नीट सांगायला हवं. मेंढरंवाल्याच्या घरात संध्याकाळ म्हणजे काटे काढायची वेळ. बाभळीचे टहाळे तोडून मेंढरांना घालायचे, त्यांच्यातून दिवसभर फिरायचं. कातडी वहाण कितीही जाड असली तरी काटा आरपार येतोच. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बघत होते, हे घरी आले की आधी पाय पसरून बसायचे, आत्या सुई घेऊन पुढ्यात बसायच्या आणि हे "आये, हळू" म्हणून ओरडायचे. आत्यांचा हात ह्या कामात सगळ्या गावात नावाजलेला. दुसऱ्या आळीतली माणसंसुद्धा लंगडत लंगडत त्यांच्याकडे यायची. तर हळूहळू ह्यांचं ओरडणं बंद झालं. मग सांगणंच बंद झालं. पाय धुताना मलाच काटा दिसायचा आणि मी विचारलं तर म्हणायचे, "आसंल. कळलं न्हाई."

ह्याचं घरात कोणालाच काही वाटलं नाही. उलट कौतुकच झालं. गड्याचे पाय आता पक्के झाले, असं लोक म्हणायचे. आमच्यात हा मोठा मान आहे. म्हाताऱ्या मेंढक्याबद्दल सांगताना सांगतात, की निखाऱ्यावरून गेला तरी त्याला कळायचं नाही. हे बाजारात चारचौघांत वहाण काढून दाखवायचे आणि म्हणायचे, "मला काटा लागतच न्हाई बे आता." ऐकणारे माना डोलवायचे. आत्या तर येईल त्याला सांगायच्या, माझ्या लेकाचा पाय त्याच्या आज्यावर गेलाय. मला तेव्हा नर्सबाईंनी लक्षणं शिकवली होती, पण त्यांत हे नव्हतं. किंवा असेल, आणि सांगतासांगता घाईत राहून गेलं असेल.

मग तो काटा आला. तुरी काढून झाल्या होत्या, रानं मोकळी होती. संध्याकाळी हे घरात आले आणि फरशीवर दारापासून बाजेपर्यंत एकाच पायाचे ओले लाल ठसे. मी दाखवले तेव्हा त्यांना कळलं. उजव्या पायाच्या चवड्यात, अंगठ्याच्या खाली, काटा मोडून आत बसला होता. आत्यांनी सुई मागितली. उजेड होता अजून, त्या बाजेपुढे खाली बसल्या, लेकाचा पाय मांडीवर घेतला आणि कोरून कोरून काटा काढायला लागल्या. मी चुलीपुढे भाकरी थापायला बसले.

काटा काढल्यावर त्या भोकाला बिब्बा देतात. बिब्बा सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरला की त्यातून काळं तेल निघतं, ते कढत असतानाच भोकात टिपायचं. त्यानं आत राहिलेला तुकडा जिरतो, पू होत नाही, असं आमच्याकडे मानतात. किती द्यायचा ह्याला माप एकच. ज्याचा पाय असतो तो "बस" म्हणतो, की थांबायचं. माणूस दात-ओठ खातो, मांडीवर मूठ आपटतो आणि शेवटी "बस, बस" ओरडतो. आत्यांनी आयुष्यभर शेकडो पायांना असाच बिब्बा दिला आणि कधी कोणाचा पाय बिघडला नाही, कारण प्रत्येक जण वेळेवर ओरडला.

हे त्या वेळी कानाला फोन लावून बसले होते. माझ्या दिरांशी बोलत होते, कुठल्यातरी एडक्याच्या खुराला काहीतरी झालं होतं त्याबद्दल. बोलताना हसत होते. आत्या खाली मान घालून बिब्बा देत होत्या आणि "बस"ची वाट बघत होत्या. मला आत चुलीपाशी करपल्याचा वास आला. आधी वाटलं भाकरी करपली, म्हणून उलटली. भाकरी चांगली होती. मग वास कसला ते कळलं आणि मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले. आत्यांच्या पुढ्यात एक बिब्बा वाळून कोळसा होऊन पडला होता आणि दुसरा सुईला होता. चवड्याचं मांस काळं पडलं होतं. आत्यांनी माझ्याकडे वर बघितलं. तोंडभर हसू होतं. म्हणाल्या, "बघ गं पोरी, हूं का चूं केलं न्हाई माझ्या लेकानं."

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे चला म्हटलं. हे म्हणाले, "दुखतच न्हाई, तर डाक्टरला काय दावू?" आणि वहाण घालून मेंढरांमागे गेले. मी भांडले, रडले, दिरांना मध्ये घातलं. दिरांनीही तेच सांगितलं, दुखत नाही म्हणजे बरं होत असेल. रोज मी चिंधी बदलायची आणि रोज ती जास्त घाण निघायची. शेवटी ताप चढला, पाय सुजून वहाणेत जाईना, आणि घरात वास सुटला तेव्हा हे उठले. आष्टीच्या डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली आणि जखमेला हातही न लावता नगरला जा म्हणाले.

नगरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पाय बघून पहिला प्रश्न विचारला, "हे कोणी भाजलं?" आत्या आमच्याबरोबर आल्या होत्या, त्या पुढे होऊन म्हणाल्या, "म्या दिला बिब्बा." डॉक्टरीणबाई त्यांना बोलली. वाईट नाही बोलली, पण बोलली. आत्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या भिंतीकडे सरकल्या. मग तिनं नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी काढलं आणि ह्यांना म्हणाली, डोळे मिटा आणि मी जिथे टोचेन तिथे सांगा. ह्यांनी डोळे मिटले. ती उजव्या पायाला टोचत गेली, तळव्याला, बोटांना, टाचेला, घोट्याला. मग डाव्या पायाला. हे गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "करा की बाई सुरू."

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं हा माणूस बाजारात वहाण काढून जे मिरवत होता, ते हे होतं. ती दोरा वर वर नेत गेली आणि पार गुडघ्याजवळ पोचल्यावर हे म्हणाले, "हां, हितं."

तिनं समजावून सांगितलं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसांना मारते, आणि सगळ्यांत आधी मारते ती पायांच्या नसांना. दुखणं जातं, जखम राहते. पायाची दोन बोटं गेलेलीच आहेत, ती काढावी लागतील. बाकीचा पाय राहणार की जाणार हे ती आज सांगू शकत नव्हती. साखर खाली आली आणि खालीच राहिली, त्या पायावर भार पडला नाही, तर जखम भरेल. नाही भरली तर घोट्याच्या वरून कापायला लागेल. मेंढक्याचा पाय. मी ह्यांच्याकडे बघायचं टाळलं.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. शुद्धीवर आल्यावर हे मला म्हणाले, "म्या कधी कुनाचं वाईट केलं न्हाई. साखर बी न्हाई खाल्ली, गूळ खाल्ला." मला हसू आलं आणि रडूही. मी त्यांना सांगितलं, बघा, कुत्रं भुंकत नाही म्हणून लांडगा आला नाही असं तुम्ही धरून चाललात. तुमच्या पायातलं कुत्रं कधीच मेलंय. हे मात्र त्यांना चटकन कळलं. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या पायातलं बी?" मी हो म्हटलं.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते एकाच लांबलचक दिवसासारखे. मेंढरं दिरांनी नेली. हे बाजेवर. आता गोळ्यांबरोबर सुई आली. फ्रीज आहे आमच्याकडे, पण लाईट असते कुठे, म्हणून सुईचं औषध डबीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायचं. पहिल्यांदा सुई देताना मी इतका वेळ लावला की हेच म्हणाले, "मेंढराला देती तशी दे की." एक दिवसाआड आष्टीला पट्टी बदलायला. कधी दिरांची मोटारसायकल, कधी वडापची जीप. दोन्ही पाय रोज तळव्याकडून बघायचे, बोटांच्या बेचक्यांत बघायचं, कोमट पाणी आधी माझ्या कोपराला लावून बघायचं, कारण त्यांना उकळतं घातलं तरी कळणार नाही. गोळी घेतली का हा प्रश्न आता मी विचारत नव्हते, समोर उभं राहून गिळायला लावत होते. त्यातही सुई देऊन खायला उशीर झाला की ह्यांना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, आणि मग तीच साखर, जिच्यापायी सगळं झालं, ती पाण्यात कालवून तोंडाला लावायला लागायची. तेव्हा हे ग्लास रिकामा करून म्हणायचे, "बघ, गोडच लागतंय शेवटी." मस्करी करायचे. मला मस्करी सोसायची नाही.

हळूहळू साखर खाली येत होती. मग एका आठवड्यात ती पुन्हा वर गेली. मी भाकऱ्या मोजल्या, चहा वास घेऊन बघितला, ह्यांची उलटतपासणी घेतली. हे शपथा घेत होते. दोन दिवसांनी बाजेवरची वाकळ उचलली तर खाली डबा, आणि डब्यात डिंकाचे लाडू. आत्यांनी केले होते. जखम भरायला ताकद लागते, बाळंतिणीला नाही का देत, असं त्यांच्या मनात. मी घराबाहेर असले की त्या लेकाला भरवत होत्या आणि लेक मुकाट खात होता. मी खूप चिडले. एवढी मरमर करून जे खाली आणलं ते ह्या दोघांनी मिळून वर चढवलं. इतका राग मला त्या काट्याचाही आला नव्हता. मी डबा उचलला, अंगणवाडीत नेला आणि पोरांना वाटून टाकला. घरी येऊन आत्यांना म्हणाले, "आत्या, तुमाला त्यांचा पाय ठेवायचाय का न्हाई?"

त्या दिवसापासून आत्यांनी ह्यांच्या खाण्याला हात लावला नाही. पण स्वतःचंही खाणं कमी केलं. चतकोर भाकरी घ्यायच्या, तीही अर्धी कुत्र्याला जायची. काटा काढायला कोणी आलं तर डोळ्यांना दिसत नाही म्हणून परत पाठवायच्या. दिवसभर बाजेच्या उशाशी बसायच्या, पायाकडे जायच्या नाहीत. आणि मधूनच, आम्ही दुसरंच काही बोलत असताना, लेकाला विचारायच्या, "कावून बोलला न्हाईस रे तू? बस म्हणायचं व्हतं की." हे म्हणायचे, "जाऊ दे आये." मी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं. साखरेनं नसा मरतात, कळत नाही, त्यात तुमची चूक नाही, त्यांचीही नाही. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आगं, पर लेकराला भाजलं आन लेकराला कळलं न्हाई, असं कुठं असतंय? म्या पाय मांडीवर घिऊन बसलेली." त्यांच्या डोक्यात ते बसतच नव्हतं. त्या वाळत चालल्या होत्या आणि माझ्यात दोघांना पुरेल एवढं बळ नव्हतं. कधीकधी मी त्यांचा तो प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पाय भरायला पुढचा पावसाळा उजाडला. नगरला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईनं पट्टी सोडली, बोटानं दाबून बघितलं, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा बघितला आणि म्हणाली, "पाय राहिला." मग तिनं पुढचं सगळं सांगितलं, मऊ तळव्याची चप्पल, अनवाणी एक पाऊल नाही, रोज पाय बघणं, सुई चालूच. मला त्यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं. तिथल्या बाकावर मी बसले. हे माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "चल, उशीर व्हईल." मी म्हटलं, थांबा जरा, मला बसू द्या.

घरी पोचलो तेव्हा आत्या दारात बसून होत्या. मी सांगितलं, आत्या, पाय राहिला. त्यांनी ऐकलं, मान हलवली. मग कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा त्या ह्यांच्या पायाशी जाऊन बसल्या, चप्पल काढली आणि जिथे बोटं नव्हती तिथून हात फिरवला. आणि पुन्हा तेच विचारलं. "कावून बोलला न्हाईस रे?"

मी तोंड उघडणार होते, नसांचं पुन्हा सांगायला. हे माझ्या आधी बोलले.

"लागलं व्हतं आये," हे म्हणाले. "लई लागलं व्हतं. फोनवर भाऊ व्हता, म्हटलं त्याच्यापुढं कशाला वरडायचं. दात खाऊन गप बसलो. माझीच मस्ती."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. दोरा गुडघ्यापर्यंत आला तेव्हा काय झालं ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. नसांचं सांगायचं मी सोडून दिलं.

आत्यांचा हात पायावर थांबला. त्यांनी लेकाकडे वर बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग राग आला. खरा राग. त्या वाळून काडी झालेल्या बाईनं गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, उठल्या, आणि ह्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "मुडद्या, लागत व्हतं तर बोलायचं न्हाई व्हय? आयपुढं कसली लाज रं तुला? मला काय सपान पडणार व्हतं का?" असं म्हणत त्या रडत होत्या, मोठ्यानं, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्यानं, आणि रडता रडता मारत होत्या.

हे दोन्ही हात डोक्यावर धरून वाकले. "आये, बस की," म्हणाले, "लागतंय." आणि ह्या वेळी ते खरंच लागत होतं.